शंभर पानांचा हिशेब

बेळगाव-निपाणी भागात बारसं असो की वास्तुशांत, घरात पहिला प्रश्न निघतो तो शंभर पानांना किती शिजवायचं याचा. पैसा वाचतो तो इथंच. मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरा, म्हणजे ८ किलो. मसाल्यात तांदळाचा वास दबतो, तेव्हा महागडा बासमती नको.

गोडाला आपला कुंदा आहेच. माणशी ५० ग्रॅम पुरे, म्हणजे ५ किलो. कुंदा असताना जिलेबी आणि गुलाबजाम कशाला? दुसरं गोड पानात नुसतं पडून राहतं, हे कोणताही वाढपी सांगेल.

खरी उधळपट्टी होते पिण्यात. दोन घोट घेऊन खुर्चीखाली ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या बघवत नाहीत. त्याऐवजी २० लिटरचे जार आणि स्टीलचे पेले ठेवा. थंड पेयाच्या जागी मठ्ठा करा. ६ लिटर घट्ट दही रवीनं नीट घुसळून त्यात १२ लिटर गार पाणी घाला. वाटलेलं आलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि कोथिंबीर वाढण्याआधी थोडा वेळ घातली की वास टिकतो. प्रत्येकाला भरपूर एक पेला मिळतो.

किराणा बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक भावानं घ्या. आचाऱ्याची यादी सढळ असते. म्हणून तेला-डाळीची न फोडलेली पाकिटं परत घेणार का, हे दुकानदाराला यादी देतानाच विचारून घ्या.