घंटा वाजली, पण जनावर किती लांब?

मका, भुईमूग भरायला लागला की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. रोज जागल करायला माणूस मिळत नाही. म्हणून काही शेतकरी जनावराची चाहूल घेणारे यंत्र बसवतात. त्याला पीआयआर सेन्सर म्हणतात. यंत्र उपयोगी आहे, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ते जनावर आल्याचे सांगते. किती लांब आहे हे सांगत नाही.

असे का? प्रत्येक अंगातून ऊब बाहेर पडते. यंत्र स्वतः काही सोडत नाही, ही ऊब फक्त टिपते. त्याच्या पांढऱ्या भिंगामुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात. ऊबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की घंटा वाजते. आता जवळून गेलेला ससा आणि लांबून गेलेले डुक्कर यंत्राला सारखेच वाटू शकते. तेव्हा "असेल लांब" असे म्हणून अंधारात शिरू नका. डुक्कर चार पावलांवर असले तर जिवावर बेतेल.

मग अंतर कसे कळावे? यंत्राला विचारू नका, यंत्राच्या जागेवरून ओळखा. जिथे डुकरांचा माग दिसतो तिथे एक यंत्र बांधावर लावा, दुसरे वीस पावले आत, तिसरे खोपीच्या अलीकडे. प्रत्येकाचा दिवा वेगळ्या रंगाचा ठेवा. जो दिवा लागेल, तिथे जनावर. एकामागून एक लागले तर ते कोणीकडे निघाले तेही समजते.

लावताना हे पाहा:

1. सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे जनावर यंत्राला लवकर कळते. म्हणून यंत्र वाटेला आडवे रोखा.
2. भिंगापुढे वीतभर पाइपाचा तुकडा बसवला की नजर अरुंद होते, जागा नेमकी कळते.
3. यंत्रासमोर काच लावू नका. ही ऊब काचेतून पार होत नाही.
4. घरच्या माणसाला समोरून आडवे चालवा. घंटा वाजायची थांबते तिथे खुंटी ठोका. लहान यंत्राची नजर साधारण 7 मीटरच असते.
5. उन्हाळ्यात हवा अंगाइतकी तापली की नजर आखूड होते. तेव्हा पुन्हा मोजा.

यंत्र बॅटरीवरच चालवा. कुंपणात घरची वीज सोडू नका. त्यात माणसे मरतात.

घंटा वाजली की आधी दिवा पाहा, खोपीतूनच डबा वाजवा. पीक पुन्हा येईल, माणूस येत नाही.