बोंड वरून हिरवं, आत अळी

मी चौथी शिकलेला, मुकुटबनचा कास्तकार. २०१७ साली पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती. गावभर सांगत फिरलो, यंदा लेकीचं लगन थाटात करतो. वेचायला गेलो तं बोंडं किडकी, सरकी पोखरलेली. गुलाबी अळी बारीक असतानाच बोंडात शिरते, मागचं भोक बुजून जाते. वरून काहीच दिसत नाही. पण त्याआधी फुलात डोमकळी दिसते. मी पाहिलीच नाही. लगन पुढे ढकललं. लेक म्हणे, "बाबा, किर्तनात लोकायले मन तपासा म्हणता, फुलं कोण तपासन?" माउली, अहंकारही असाच, भोक न दिसता शिरते. म्हणून रोज फुलं पाहा, अन् नाम घेता घेता मनही. रामकृष्णहरी!