'खमकी' या शब्दाची किंमत



रेणापूरकरांनी मला या संमेलनाचं अध्यक्षपद दिलं, याचं अप्रूप आहे आणि थोडी धाकधूकही. मी पट्टीची लेखिका नव्हे. तीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काढली, त्यातून जे लिहून झालं तेवढंच माझं लेखन. म्हणून साहित्याचा आढावा मी घेणार नाही. एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'खमकी'.

आपल्या वस्तीतल्या बाईचं कौतुक करायचं झालं की आपण म्हणतो, "लई खमकी बाई हाय." नवरा गेला तरी चौथ्या दिवशी रोजानं गेली, तीन लेकरं एकटीनं वाढवली. कौतुक खोटं नाही. पण हाच शब्द दवाखान्यात अंगलट येतो. खमकीला दुखत नसतं, असं सगळे धरून चालतात. पुढं पुढं तीही तसंच धरून चालते.

आपल्या बायकांनी दुःख सांगितलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1855 साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिनं बाळंतिणींची दशा मांडली. घरावर छप्पर नाही, बाई पावसाथंडीत बाळंत होते, दुखणं आलं तर वैद्याला पैसे कुठून द्यायचे, हा तिचा सवाल होता. चौदाव्या वर्षी तिला समजलं होतं की बाळंतिणीचे हाल हे नशीब नव्हे, ती व्यवस्थेकडं करायची तक्रार आहे.

1942 च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. बाबासाहेब हजर होते आणि अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बायकांसमोर त्या संततिनियमनावर बोलल्या. आज इथं उभं राहताना मला त्यांचं भाषण आठवतं. बाईच्या शरीराचा विषय अध्यक्षपदावरून मांडायची वाट आपल्यासाठी त्यांनी पाडून ठेवली आहे.

आणि बेबीताई कांबळे. फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात बसून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं आणि कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 1986 साली ते पुस्तकरूपात आलं. कोवळ्या वयातली बाळंतपणं आणि बाळंतिणीची उपासमार त्यात आहे. नवऱ्यानं त्यांना स्वतःला केलेल्या मारहाणीबद्दल मात्र त्या पुढं मुलाखतीत बोलल्या. समाजाचं दुःख त्यांनी पुस्तकात घातलं, स्वतःचं बाजूला ठेवलं. मला हे फार जवळचं वाटतं. आपण मोर्चात घसा फोडून घोषणा देतो, आणि घरी आल्यावर कुणी विचारलं तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय?"

बाईचं दुखणं ऐकलं जात नाही, हे सातासमुद्रापलीकडं अमेरिकेतही आहे, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांशी आपलं नातं जुनं आहे. आपल्या लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणलं. 1972 साली आपल्या पोरांनी संघटना काढली, तिला 'पँथर' हे नावही तिथूनच आलं. त्या देशात 2021 साली 1 लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे 27 मातामृत्यू झाले, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सुमारे 70. हा फरक निव्वळ गरिबीचा नाही. सेरेना विल्यम्ससारखी जगज्जेती टेनिसपटू 2017 मध्ये बाळंत झाली. दुसऱ्याच दिवशी तिला श्वास घेता येईना. आपल्या फुप्फुसात रक्ताची गाठ असणार, हे तिनं स्वतः ओळखलं. नर्सला वाटलं, औषधांमुळं ही काहीतरी बरळते आहे. सेरेनानं हट्ट धरला, तपासणी झाली आणि गाठी निघाल्या. तिचं ऐकायला एवढे कष्ट पडले, तर आमच्या शांताबाई-कमळाबाईचं कोण ऐकणार? संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या 2018 च्या अहवालानुसार आपल्या देशात दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा सरासरी 14.6 वर्षं आधी मरते.

आता माझी कबुली. ऊसतोडीहून परतलेली एक बाई उपकेंद्रात यायची. "सिस्टर, डोस्कं दुखतंय." मी पांढऱ्या गोळ्या द्यायची. पुन्हा आली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी गर्दी नव्हती. मी दार लोटलं, तिला स्टुलावर बसवलं, पाण्याचा पेला दिला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, फडात पाचव्या महिन्यात पोट पडलं. दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली, कारण खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो आणि उचल तर फिटायची होती. तेव्हापासून झोप नाही. "डोस्कं नव्हं सिस्टर, जीव दुखतोय. पण जिवाची गोळी कशी मागू?"

दोन वेळा मी तिला परत पाठवली होती. मीही तिच्यासारख्याच वस्तीतली. तरीही तिला खमकी समजून मोकळी झाले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. लिहिणाऱ्यांनो, आईला सहनशीलतेची मूर्ती करून कवितेत बसवू नका. ती दमते, चिडते, तिला लेकरू नकोसंही होतं, हे लिहा. दवाखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, बाई "काही नाही" म्हणाली तर आणखी एकदा विचारा, आणि पडदा ओढून विचारा. घरच्यांनो, बाळंतपणानंतर बाई महिनाभर रडत असेल तर तिला बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावू नका, डॉक्टरकडं न्या.

आणि बायांनो, दवाखान्यात जाताना एक मैत्रीण सोबत न्या. काय होतंय, कधीपासून होतंय, हे लेकराच्या वहीत लिहून न्या. डॉक्टरांनी ऐकलं नाही तर तेच पुन्हा सांगा. मनाच्या दुखण्यावर उपचार मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. रात्री जीव घाबरला तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर फिरवा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

हा नंबर आत्ता, मी खाली बसायच्या आधी, आपापल्या मोबाइलमध्ये घालून घ्या. ज्यांना जमत नाही, त्यांच्या फोनमध्ये शेजारणीनं घालून द्यावा. मी थांबते.