समृद्धीचें बीज आणि दूरचित्रवाणीवरील उपदेशक

१९८७ सालच्या जानेवारी महिन्यांत अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांतल्या टल्सा शहराचे सुप्रसिद्ध उपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनीं आपल्या दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांस एक विलक्षण वर्तमान कळविलें. मार्चअखेर ऐंशीं लाख डॉलरांचा निधि पुरा न झाला, तर परमेश्वर आपणांस इहलोकांतून बोलावून घेणार आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. निधीचा हेतु वाईट नव्हता. वैद्यकीय शिक्षण घेऊन परदेशीं सेवेला जाणाऱ्या तरुणांस त्यांतून साहाय्य व्हावयाचें होतें. परंतु ईश्वरानें आपल्याच भक्ताला ओलीस धरून वर्गणी गोळा करावी, ही कल्पना ऐकून पुष्कळ श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनींहि माना खालीं घातल्या. मुदत संपत आली तेव्हां फ्लॉरिडांतील एका गृहस्थानें तेरा लाख डॉलर दिले आणि रक्कम भरली. हे गृहस्थ कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानाचे मालक होते, हा तपशील वर्तमानपत्रांनीं मोठ्या चवीनें छापला.

रॉबर्ट्स यांना हंसणें सोपें आहे, आणि अमेरिकेंत त्या वेळीं पुष्कळांनीं तें केलेंहि. पण ज्या शिकवणीच्या पोटीं हा प्रकार जन्मला, ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. अमेरिकेंतच नव्हे, तर नायजेरिया, घाना, ब्राझील अशा देशांतूनहि लक्षावधि लोक आज ती श्रद्धेनें ऐकत आहेत. तिला ‘समृद्धीचें शुभवर्तमान’ असें म्हणतात. ख्रिस्तानें क्रूसावर मनुष्याचें पापच नव्हे, तर त्याचा आजार आणि त्याचें दारिद्र्यहि वाहून नेलें. म्हणून आरोग्य व संपत्ति हा विश्वास ठेवणाऱ्याचा हक्क आहे. तो त्यानें तोंडानें निःशंकपणें उच्चारावा आणि ईश्वरकार्याला सढळ हातानें द्रव्य द्यावें, म्हणजे तें अनेक पटींनीं परत येतें, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. या विचाराचा एक आद्य प्रवर्तक एसेक विल्यम केन्यन (१८६७–१९४८) हा होय. बोललेल्या शब्दाच्या सामर्थ्यावर त्याचा मोठा भर असे, आणि १९३१ पासून सिॲटल शहरीं तो नभोवाणीवरून प्रवचनें करीत असे. म्हणजे ही शिकवण बाल्यावस्थेंत होती तेव्हांपासूनच वाऱ्यावरून बोलण्याची विद्या तिला अवगत होती.

रॉबर्ट्स यांचा जन्म १९१८ सालचा. ओक्लाहोमांतील एका दरिद्री उपदेशकाच्या घरांत ते वाढले. ऐन तारुण्यांत क्षयानें अंथरुणाला खिळले आणि त्यांतून उठले. ज्या पंथांत त्यांचें बालपण गेलें, त्यांत गरिबी ही जवळजवळ पावित्र्याची खूण मानली जात असे. १९४७ सालीं योहानाच्या तिसऱ्या पत्रांतील आरंभींचें एक वाक्य त्यांच्या वाचनांत आलें. पत्र लिहिणारा आपल्या मित्राची सर्व बाबतींत भरभराट व्हावी आणि त्याची प्रकृति उत्तम राहावी अशी इच्छा तेथें व्यक्त करतो. एवढ्यावरून रॉबर्ट्स यांची अशी खात्री पटली कीं, ईश्वराला आपल्या लेंकरांचें दारिद्र्य मुळींच प्रिय नाहीं. त्यानंतर लौकरच त्यांच्या दाराशीं एक नवी कोरी ब्यूइक मोटार उभी राहिली, आणि ती मोटार त्यांना या साक्षात्काराचें प्रत्यक्ष प्रमाणच वाटली. जन्मभर ‘गरिबींतच राहा’ एवढेंच ऐकलेल्या मनुष्याला ‘तुझें बरें व्हावें अशी देवाची इच्छा आहे’ हें वाक्य किती गोड लागलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. या शिकवणीचें बळ तेथेंच आहे, आणि तिच्या टीकाकारांनीं तें नेहमींच ओळखलें आहे असें नाहीं.

१९५४ सालीं रॉबर्ट्स यांनीं ‘आशीर्वादाचा करार’ म्हणून एक योजना काढली. कार्याला शंभर डॉलर देणाऱ्याला ते पैसे एखाद्या अगदीं अनपेक्षित मार्गानें परत मिळावेत अशी रॉबर्ट्स प्रार्थना करणार, आणि वर्षभरांत तसें न घडल्यास त्याची रक्कम विनातक्रार परत करणार, अशी तींतील अट होती. देवाशीं असा व्यवहार करावा कीं नाहीं हा प्रश्न अलाहिदा. परंतु या करारांत एक गोष्ट प्रामाणिक होती. त्याला मुदत होती, आणि मुदतींत फळ न आल्यास तोटा सोसणारा माणूस ठरलेला होता.

पुढें हा करार मागें पडला आणि त्याच्या जागीं ‘विश्वासाचें बीज’ ही कल्पना आली. १९७० सालीं याच विषयावर रॉबर्ट्स यांनीं पुस्तक लिहिलें. देणगी हें बीज; तें आधीं पेरावयाचें आणि पिकाची वाट पाहावयाची. ही उपमा शेतकरी समाजाला सहज पटणारी आहे. पण तिच्या आड ती वर्षाची मुदत नाहींशी झाली आणि पैसे परत करण्याचें कलमहि नाहींसें झालें. पीक केव्हां येईल हें देवालाच ठाऊक. तें न आलें तर पेरणाऱ्याचा विश्वास उणा पडला, किंवा त्याच्या अंतःकरणांत कांहीं लपलेलें पाप असावें, किंवा त्यानें बीजच थोडें पेरलें असावें! आपल्याकडचा शेतकरी बियाणें उगवलें नाहीं तर सरळ दुकानदाराच्या दारांत जाऊन उभा राहतो. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असें उत्तर देणारा बियाण्याचा व्यापारी अद्याप तरी त्याला भेटलेला नाहीं.

देवाशीं देण्याघेण्याची भाषा आपल्या लोकांनाहि परकी नाहीं. आपल्याकडे नवस बोलतात. परंतु तो बोलतात आधीं आणि फेडतात मागाहून. मुलाचा ताप उतरला म्हणजे नारळ, आणि नाहीं उतरला तर नारळहि नाहीं. सुधारकांनीं नवसावर पुष्कळ कोरडे ओढले आहेत व त्यांत तथ्यहि आहे. तथापि नवसांत गरीब मनुष्याच्या गांठीचा पैसा काम होईपर्यंत गांठीलाच राहतो. समृद्धीच्या उपदेशकांनीं हा क्रम उलटा केला. त्यांच्या पंथांत नारळ आगाऊ द्यावा लागतो.

हा फरक घडून येण्यास दूरचित्रवाणीचें अर्थकारण बऱ्याच अंशीं कारण झालें. पिट्सबर्ग शहरीं २ जानेवारी १९२१ रोजीं एका चर्चमधील उपासना नभोवाणीवरून प्रथम ऐकविण्यांत आली. त्यानंतर कित्येक वर्षें अमेरिकेंतील मोठ्या ध्वनिक्षेपण कंपन्या प्रमुख ख्रिस्ती पंथांना विनामूल्य वेळ देत असत, कारण लोकहिताचे कार्यक्रम करण्याची अट त्यांच्या परवान्यास जोडलेली होती. १९६० सालीं सरकारच्या दळणवळण आयोगानें असा निर्णय दिला कीं, पैसे घेऊन दाखविलेला धार्मिक कार्यक्रमहि लोकहितांत धरण्यास हरकत नाहीं. मग फुकट वेळ कोण देणार? १९५९ सालीं धार्मिक कार्यक्रमांपैकीं शेंकडा ५३ पैसे भरून होत असत. १९७७ सालीं तें प्रमाण शेंकडा ९२ वर गेलें. आतां वेळ विकत घ्यावयाचा तर पैसा हवा, पैसा हवा तर तो प्रेक्षकांकडे मागावयास हवा, आणि मागण्यासाठीं पुन्हां वेळ हवा. घाण्याच्या बैलाप्रमाणें उपदेशक या फेऱ्यांत फिरूं लागला. ‘शेजाऱ्याला क्षमा कर, आजाऱ्याची विचारपूस कर’ एवढेंच सांगणाऱ्या साध्या पाळकाचा या बाजारांत निभाव लागेना. ‘दिलेल्याच्या शतपट परत येईल’ असें सांगणारा मात्र तगला.

या फेऱ्याची परिणति जिम बेकर यांच्या प्रकरणांत दिसून आली. दक्षिण कॅरोलायनांतील फोर्ट मिल या गांवाजवळ बेकर दांपत्यानें ‘हेरिटेज यूएसए’ नांवाची एक विस्तीर्ण ख्रिस्ती विहारनगरी उभारली. हजार डॉलर देणाऱ्या कुटुंबाला तेथील आलिशान हॉटेलांत दरवर्षीं तीन रात्री, आणि त्याहि आजन्म, फुकट राहावयास मिळतील, असें दूरचित्रवाणीवरून जाहीर झालें. असे भागीदार पंचवीस हजारांवर घ्यावयाचे नाहींत अशी मर्यादा होती. प्रत्यक्षांत एका हॉटेलापुरते ते छासष्ट हजारांवर गेले. हॉटेलाच्या खोल्या सुमारें पांचशें. इंग्रजी चौथींतील मुलालाहि हा त्रैराशिकाचा हिशेब करतां येईल. बाहेरच्या एकाहि पाहुण्याला न घेतां सगळ्या खोल्या वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस भागीदारांनाच दिल्या, तरी एकसष्ट हजार कुटुंबांच्या आसपास गाडी अडते. दुसरें हॉटेल तर पुरें झालेंच नाहीं. सर्व मिळून पंधरा कोटि डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. १९८९ सालीं शार्लट येथील न्यायालयांत बेकर चोवीस आरोपांवर दोषी ठरले आणि त्यांना पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा सांगतांना न्यायाधीशांनीं आपल्या स्वतःच्या धर्मभावनेचा उल्लेख केला म्हणून वरिष्ठ न्यायालयानें १९९१ सालीं ती रद्द केली. पुढें ती बरीच कमी झाली आणि १९९४ मध्यें ते सुटले. हे हजार डॉलर देणाऱ्यांत पेन्शनवर जगणारीं वृद्ध माणसें पुष्कळ होतीं, हें विसरतां कामा नये.

दुसरे एक उपदेशक रॉबर्ट टिल्टन यांच्याविषयीं १९९१ सालीं एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीनें शोध केला. प्रार्थनेची विनंती करणारीं प्रेक्षकांचीं पत्रें, त्यांतील पैसे काढून घेतल्यावर, टल्सा येथें कचऱ्याच्या पेटींत पडलेलीं तिला आढळलीं. टिल्टन यांनीं आरोप नाकारला. पण दोन वर्षांत त्यांचा कार्यक्रम बंद पडला.

मात्र एवढ्यावरून शिकवणच खोटी ठरते असें नाहीं. लबाड वैद्य निघाला म्हणून वैद्यक खोटें होत नाहीं. तेव्हां तिचें परीक्षण तिच्या स्वतःच्या शास्त्रानेंच झालें पाहिजे, आणि तें काम ख्रिस्ती विद्वानांनींच केलें आहे. गॉर्डन फी हे स्वतः रॉबर्ट्स यांच्यासारख्याच भावनाप्रधान पेंटेकोस्टल परंपरेंतील पंडित. योहानाच्या पत्रांतील तें वाक्य म्हणजे सिद्धांत नसून त्या काळच्या पत्रांत आरंभीं घालावयाचें क्षेमकुशल आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. आपल्या जुन्या पत्रांतील ‘कृपालोभ असावा’ या शब्दांवर कोणी लोभाचें तत्त्वज्ञान उभारावें, तशांतलाच तो प्रकार! शतपटीचेंहि तसेंच. ग्लोरिया कोपलंड यांनीं १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत एका डॉलरचे शंभर आणि हजाराचे एक लाख असा सरळ गुणाकार मांडला. मार्काच्या शुभवर्तमानांत शतपटीचें वचन आहे खरें. परंतु तें घरदार व शेतवाडी सोडून निघालेल्या शिष्यांना दिलेलें आहे, आणि मिळावयाच्या वस्तूंच्या त्याच यादींत छळाचाहि समावेश आहे. त्याला शंभरानें गुणण्याची इच्छा कोणा उपदेशकानें अद्याप दर्शविलेली नाहीं.

परंतु सर्वांत मार्मिक उत्तर जुन्या करारांतील ईयोबाच्या कथेंत आहे. ईयोब सज्जन आणि श्रीमंत; त्याचीं मुलें गेलीं, धन गेलें, अंगभर फोड उठले. त्याचे मित्र राखेंत त्याच्याजवळ बसले आणि समजावूं लागले कीं, तुझ्याच हातून कांहीं तरी चुकलें असलें पाहिजे. कथेच्या शेवटीं परमेश्वर रागावतो तो ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. पीक न आलेल्या दात्याला ‘तुझा विश्वास उणा’ असें सांगणारा उपदेशक त्या मित्रांच्याच पंक्तीला जाऊन बसतो. आजारी मुलासाठीं आपली शिल्लक पाठवून तें मूल दगावलेलें पाहणाऱ्या आईला हें उत्तर मिळालें, तर तिचें धन आणि मूल या दोहोंबरोबर तिचा देवहि जातो.

विश्वासावर द्रव्य मिळतें ही श्रद्धा ख्रिस्ती धर्मांत निराळ्या रीतीनेंहि नांदली आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) यानें दहा हजारांहून अधिक अनाथ मुलें सांभाळलीं. कोणा माणसापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, फक्त देवापाशीं मागावयाचा, असा त्याचा नियम होता. त्याच्या हातून सुमारें पंधरा लाख पौंड खर्च झाले; प्रत्येक वर्षाचा जमाखर्च तो छापून प्रसिद्ध करी; आणि त्याच्या मागें निघालेली मालमत्ता दोनशें पौंडांचीहि नव्हती. असे अहवाल छापणें हेंहि एक प्रकारचें मागणेंच, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जाई, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. पण त्यानें दात्याला परतफेडीचें आमिष कधीं दाखविलें नाहीं. मुलांच्या ताटांत दूध आलें नाहीं, तर विश्वासाची परीक्षा त्याची स्वतःची होत असे. पंडिता रमाबाईंनीं आपल्या आत्मनिवेदनांत ज्या पुस्तकांचा आपल्यावर परिणाम झाला म्हणून उल्लेख केला आहे, त्यांत म्युलरची कथा आहे. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली केडगांवीं आणून त्यांना पोसण्याचें धाडस त्यांनीं केलें, त्यामागें याच प्रकारची श्रद्धा होती.

श्रोतेहो, समृद्धीची शिकवण ऐकणारे सारेच भोळे असतात, असें मानणें अन्यायाचें होईल. घानांतील अक्रोपाँग येथें २००८ व २००९ सालीं लोझान चळवळीच्या आफ्रिकी धर्मपंडितांनीं या विषयाची चर्चा केली. ही शिकवण बायबलाचा गंभीर विपर्यास करते, असाच निर्णय त्यांनीं दिला. तरी गरिबांना ती आशा देते व कष्टाची प्रेरणा देते, हेंहि त्यांनीं मान्य केलें. दारू सोडून दुकान टाकणारा मनुष्य त्या मंडळींतून निघतो, तसा घर विकून देणगी देणाराहि निघतो.

अमेरिकेच्या कायद्यानें चर्चला वार्षिक हिशेब सरकारास सादर करण्यापासून सूट आहे. २००७ सालीं सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनीं सहा नामांकित उपदेशकांच्या संस्थांकडे हिशेब मागितला. दोघांनीं तो नीट दिला, इतरांनीं टाळाटाळ केली, आणि २०११ सालच्या जानेवारींत कोणासहि दंड न होतां ती चौकशी संपली. त्या सहांपैकीं बेनी हिन यांनीं २०१९ सालीं ही शिकवण सोडल्याचें सांगितलें. क्रेफ्लो डॉलर यांनीं २०१५ सालीं साडेसहा कोटि डॉलरांच्या विमानासाठीं हांक घातली होती. दशमांश देण्याविषयींची आपली शिकवण बरोबर नव्हती, असें त्यांनीं २०२२ सालीं जाहीर केलें.

या सर्वांच्या पुष्कळ आधीं, १९९६ सालीं, जिम बेकर यांनीं ‘माझें चुकलें’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तुरुंगांत बायबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलें तेव्हां समृद्धीची शिकवण त्यांत नाहीं असें आपल्याला आढळून आलें, असें त्यांनीं त्यांत लिहिलें आहे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत दीड लाखांहून अधिक जुन्या भागीदारांच्या वतीनें लावलेला भरपाईचा दावा उत्तर कॅरोलायनांतील ज्यूरीनें फेटाळून लावला. २००३ पासून बेकर पुन्हां दूरचित्रवाणीवर दिसूं लागले.