टायर वाचून घ्यावा



आता पुष्कळ गावांत पिकअप गाड्या आल्या आहेत. कांदा बाजारात न्यायचा, तर पिकअप. खताची पोती आणायची, तर पिकअप. गाडी बहुधा कर्जाची असते. महिन्याचा हप्ता काही चुकत नाही. अशात टायर झिजले, की मालकाच्या पोटात गोळा येतो. थोड्या पैशांत योग्य टायर कसा निवडावा, हे आज आपण पाहू.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, खांदा पाहतो. नुसत्या हेड्याच्या शब्दावर बैल घेत नाही. टायरही तसाच पारखून घ्यावा.

आधी आपली वाट ओळखावी. काही टायरांवर सरळ रेघा असतात. ते डांबरी सडकेवर चांगले. काहींच्या खाचा रुंद आणि खोल असतात. ते चिखलाचे. या दोहोंच्या मधला टायर म्हणजे 'ऑल टेरेन', सर्व वाटांचा. खडी, मुरूम, ओली माती यांवर त्याची पकड चांगली. पण डांबरी सडकेवर तो आवाज करतो, डिझेल थोडे जास्त खातो आणि बहुधा लवकर झिजतो. शिवाय त्याने पिकअपचा ट्रॅक्टर होत नाही. काळ्या रानातल्या गाऱ्यात तोही रुततो.

म्हणून आठवडाभराच्या खेपा वहीत मांडा. कच्ची वाट किती, पक्की किती? निम्मी धाव कच्च्या वाटेवर असेल, तर असा टायर घ्यावा. फक्त मळ्याजवळचा तुकडाच कच्चा असेल, तर साधा टायर पुरे. उरलेल्या पैशांत त्या तुकड्यावर मुरूम पडेल.

आता टायर वाचू या. त्यावरचे आकडे इंग्रजी असतात. ते शिकून घ्या, अवघड नाहीत. समजा, लिहिले आहे २१५/७५ आर १५. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे उंची, रुंदीच्या शंभरात ७५. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, १५ इंच. गाडीच्या पुस्तकात जे माप आहे तेच घ्या. दिसायला दांडगा म्हणून मोठा टायर घालू नका.

पुढे भाराचा आकडा असतो. १०० असेल, तर एका टायरला ८०० किलो भार. १०६ असेल, तर ९५० किलो. हा भार गाडी आणि माल मिळून धरायचा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये. आय.एस.आय.ची खूणही पाहावी.

मग टायरचे वय. बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल, तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. पडून राहिलेले रबर कडक होते, चिरते. जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू देऊ नका.

आता हिशोब. समजा, एक टायर ४,५०० रुपयांचा आहे. तो २५,००० किलोमीटर चालतो. दुसरा ६,००० रुपयांचा, तो ४०,००० चालतो. पहिल्याला किलोमीटरमागे १८ पैसे पडले. दुसऱ्याला १५ पैसे. मग स्वस्त कोणता? आपल्याच वाटेवर गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, त्यांचा टायर किती चालला. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ते खरे.

चारांचे पैसे एकदम नसतील, तर दोन घ्या. एकाच आसावर दोन्ही बाजूंना एकच माप, एकच जात हवी. रेडियल आणि साधा यांची जोडी लावू नये. चांगली जोडी मागे लावावी. मागची चाके घसरली, तर गाडी सावरणे फार अवघड. पण म्हणून पुढे झिजलेला टायर चालेल असे नाही. रबर चढवलेला टायर तर पुढे नकोच.

झिजला कसा ओळखावा? खाचांच्या तळाशी रबराची लहान उंचवटी असते. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच जेमतेम १.६ मिलिमीटर उरली. टायर बदलावा.

सर्वांत स्वस्त औषध हवा. दर आठवड्याला, गाडी थंड असताना तपासा. हवा कमी आणि माल जास्त, की टायर तापतो. तापलेला टायर भर रस्त्यात फुटतो. कांदा सांडला तर पुन्हा पिकेल. चालवणारा मुलगा पुन्हा मिळणार नाही. मालाच्या हौद्यात तर माणसे बसवूच नयेत.

आपण वाचायला शिकलो. ते विद्येचे धन पोथीपुरते ठेवू नका. दुकानात खाली बसा, टायर फिरवा, आकडे मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येते, त्याला फसवणे सोपे नाही.