पाण्याला थांबायला जागा

महापालिकांच्या पर्जन्य जलवाहिन्या सांभाळणाऱ्या माझ्या अभियंता बंधू-भगिनींनो,

आज एकच मुद्दा मांडतो, तोही मुंबईच्या उदाहरणावरून.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही झाला नाही. या ९४४चा धाक एवढा बसला, की दरवर्षी येणाऱ्या साध्या मुसळधार पावसाचं गणित मागे पडलं. मला त्या साध्या गणिताविषयी बोलायचं आहे.

मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या. तेही ओहोटी असेल तर, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. या वाहिन्या सुधारण्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात माप ताशी ५०वर नेलं आणि मुरणाऱ्या पाण्याची वजावट काढूनच टाकली. पाऊस दुप्पट धरला, पण नाल्याच्या वाट्याचं पाणी चौपट झालं. शहरात उघडी जमीन उरलेली नाही, हे आपणच आपल्या आराखड्यात लिहून दिलं आहे. त्या कबुलीची चर्चा आपल्या व्यासपीठांवर व्हायला हवी तेवढी झाली नाही, असं मला वाटतं.

ब्रिमस्टोवॅडचा १९९३चा अहवाल २००५च्या प्रलयापर्यंत बहुतांशी कागदावरच राहिला. नंतर त्या पुराची कारणं तपासणाऱ्या चितळे समितीने बोट दाखवलं आणि कामं हलली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं उभी राहिली. लव्हग्रोव्हचा एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उपसतो. ही केंद्रं उभारणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. मोगरा आणि माहुल इथली केंद्रं मात्र जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली.

तरीही पंप म्हणजे सगळं उत्तर नव्हे. भरती चढली की पातमुखांतून समुद्र आत येऊ पाहतो. दरवाजे लावून पंप चालू करावे लागतात. पण पंपापर्यंत पोहोचेल तेवढंच पाणी उपसलं जातं. वाटेत रेल्वेखालची अरुंद मोरी असते, नाल्याच्या पोटातून आडवी गेलेली केबल असते, आणि त्या केबलला धरून साठलेलं प्लॅस्टिक. नालेसफाईत काढलेला गाळ काठावरच राहिला, तर पहिल्या जोरदार सरीला तो पुन्हा नाल्यात उतरतो. किती टन गाळ काढला हे आपण छापतो. नाल्याचा तळ किती खोल झाला, हेही मोजून जाहीर केलं पाहिजे.

समुद्र आपल्याला थांबायला लावतो तो काही तासांपुरता. म्हणजे पाण्यालाही तेवढा वेळ थांबायला जागा हवी. दादरच्या हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. पाऊस कोसळू लागला की तिथले कापड दुकानदार खालच्या फळीवरचे गठ्ठे वर चढवायला घेत. तिथे अखेर प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्या खाली टाक्या बांधल्या. पंपाने पाणी त्यांत सोडायचं, भरती ओसरली की बाहेर काढायचं. मोठ्या पावसात तिथे आजही पाणी साचतं, पण ही दिशा बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे.

भूमिगत टाक्या महाग पडतात. मग साधं मैदानच घ्या. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० घनमीटर, पाच लाख लिटर पाणी. दोन हेक्टरांचं मैदान अर्धा मीटर खोल ठेवलं तर दहा हजार घनमीटर मावतं. म्हणजे वीस हेक्टर वस्तीवरचा तासाभराचा पाऊस. दोन दिवस चिखल होईल, मुलांचा खेळ बुडेल, ही तक्रार येईल आणि ती रास्त असेल. त्यासाठी निचऱ्याचा थर, कडेचा उंच पट्टा आणि पावसानंतर लगेच साफसफाई हा खर्च अंदाजपत्रकातच धरावा लागेल. आणखी एक पथ्य: हे पाणी रस्त्यावरून आणि गच्चीवरून थेट घ्यायचं, नाल्यातून नाही. नाल्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. ते मुलांच्या मैदानात येता कामा नये.

खारफुटी आणि तलाव पाणी थांबवण्याचं हे काम फुकट करत आले आहेत. मिठी नदीच्या काठची खाजण जमीन भराव टाकून उंच केली, तेव्हा आपण पाण्याची जागाच बांधकामाला दिली. भरावाच्या प्रत्येक परवानगीपूर्वी पर्जन्य जलवाहिनी खात्याचा लेखी अभिप्राय सक्तीचा हवा, आणि तो नकारार्थी असेल तर कारण नोंदवल्याशिवाय तो डावलता येऊ नये.

दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला या अभिप्रायाचा. दुसरा असा की प्रत्येक प्रभागाने पाणी साचण्याच्या ठिकाणांच्या यादीसोबत पाणी थांबवता येईल अशा मोकळ्या जागांची यादी, क्षेत्रफळ आणि तळाच्या पातळीसह, पावसाळ्याआधी जाहीर करावी. मसुदे आपल्या हाती दिले आहेत. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेखी द्याव्यात.