पाऊस थांबतो, नदी चढते



महाशिवरात्र आली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ब्रिटनमध्ये मात्र फेब्रुवारीची अखेर म्हणजे बरेचदा वारा, पाऊस आणि पुन्हा पाऊस. त्यात मुलांना हाफ टर्मची सुट्टी, म्हणजे गाडी काढून बाहेर पडायचे बेत. म्हणून आज अशा आठवड्याचा अंदाज कसा ऐकायचा, ते बोलू.

अटलांटिकवरून येणारे कमी दाबाचे पट्टे आधी पश्चिमेच्या डोंगरांना भिडतात. वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंडचा पश्चिम भाग चिंब होतो. पूर्वेकडे, केंब्रिज-नॉर्विचकडे, पाऊस बराच कमी. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला कोरडं, तोच हा प्रकार.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस घाटात आणि कोयनेच्या पाणलोटात पडतो, आणि पाणी आयर्विन पुलाशी चढतं. सेव्हर्न नदीचंही तसंच. वेल्सच्या डोंगरातलं पाणी श्रूजबरी, वूस्टर, ग्लॉस्टरला उतरायला काही दिवस लागतात. तोवर तिथे ऊनही पडलेलं असतं!

दुसरी गोष्ट, जमीन आधीच किती भिजली आहे? २०२० मध्ये ९ फेब्रुवारीला किआरा वादळ आलं आणि आठवड्याभरात, १५-१६ तारखेला, डेनिस. भिजलेल्या जमिनीत पाणी मुरायला जागाच उरली नव्हती. दक्षिण वेल्ससाठी पावसाचा रेड इशारा निघाला, पॉन्टिप्रिथमध्ये टाफ नदी रस्त्यांवर आली, हेरफर्डला वाय नदीने आजवरची सर्वांत उंच पातळी गाठली. १८६२ पासूनच्या नोंदींत ब्रिटनमधला तो सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला.

आता इशारे. मेट ऑफिसचा यलो म्हणजे सावध राहा, अंबर म्हणजे बेत बदलायची तयारी ठेवा, रेड म्हणजे जिवाला धोका, प्रवास टाळा. नदीच्या पुराचे इशारे वेगळे असतात. ‘फ्लड अलर्ट’ म्हणजे तयारीत राहा, ‘फ्लड वॉर्निंग’ म्हणजे लगेच हालचाल करा आणि ‘सिव्हिअर’ म्हणजे जीव धोक्यात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये फ्लडलाइनचा नंबर आहे ०३४५ ९८८ ११८८. वीज गेली तर १०५ फिरवा.

आणि गाडी चालवणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणू नका. वेगाने वाहणारं फूटभर पाणी गाडी उचलू शकतं. मागे फिरा. पोहोचायला तासभर उशीर झाला तरी चालेल.

भारतातून आई-बाबा आले असतील, तर त्यांना हे इशारे मराठीत समजावून सांगा. नदीकाठी राहणाऱ्या ओळखीच्यांना एक फोन करा. औषधं, पासपोर्ट, चार्जर एका पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा.

काळजी घ्या, मंडळी. नमस्कार!